गोधडीचे थर आणि कच्चा टाका



आमच्या मंडळींतील एका भगिनीनें गेल्या थंडीच्या दिवसांत आपल्या परलोकवासी आईचें लुगडें एका गोधडीला लाविलें. वरचे टाके इतके बारीक व सरळ, कीं पाहणाऱ्यानें तोंडांत बोट घालावें. परंतु पहिल्याच धुण्यांत मधल्या चिंध्यांचा एका जागीं गोळा झाला, एक कोपरा अगदीं पोकळ पडला, आणि तो गोळा उसवून काढितांना तें जीर्ण लुगडें दोन ठिकाणीं टरकलें. नवें लुगडें दुकानांत मिळतें. आईनें नेसलेलें मिळत नाहीं. शिवण निर्दोष होती, पण शिवण्यापूर्वींचें काम झालें नव्हतें. ह्या पाठांत त्याच कामाचा विचार करूं.

गोधडीचे, किंवा कित्येक ठिकाणीं म्हणतात त्याप्रमाणें वाकळेचे, थर तीन: खालीं अस्तर, मध्यें भर, व वर दर्शनी कापड. ५.५ मीटर लांबीच्या साडीचे ६ फुटांचे बरोबर तीन तुकडे होतात, आणि साडीचा पन्हा ४५ इंच असला तर एका मनुष्यास पुरेशी गोधडी होते. नऊवारी लुगड्याचे असेच चार तुकडे निघून ३ फूट कापड उरतें. मधलें व वरचें कापड चारी बाजूंनीं दोन इंच लहान करावें, म्हणजे अस्तराची कड त्यांवर दुमडतां येते. भरीला चिंध्या घालावयाच्या असतील तर त्या सुट्या पसरूं नयेत. प्रथम एका अखंड तुकड्यावर टाचून घ्याव्या.

कोरें कापड जुन्याच्या शेजारीं लावणें झाल्यास तें रात्रभर पाण्यांत भिजवून, खळ काढून, वाळवून घ्यावें. न भिजवलेलें कोरें कापड पुढें आटतें व जुन्याला ओढून फाडतें. मार्काच्या दुसऱ्या अध्यायांतील ठिगळाचा दृष्टांत आपण पुष्कळदां ऐकतों. तो ज्यांनीं प्रथम ऐकिला, त्यांच्या घरांत हें नुकसान कोणी ना कोणी सोसलेलें असेल, असें मला नेहमीं वाटतें.

आतां अंथरणें. स्वच्छ, सपाट जमीन पाहावी. चटईचे वळ कापडांत उठतात, म्हणून ती नको. अस्तराची उलटी बाजू वर करून त्याच्या चारी कोपऱ्यांवर धुतलेले दगड ठेवावे. कापड ताठ असावें, परंतु ताणलेलें नसावें. ताणलेलें अस्तर दगड उचलतांच आंखडतें आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. मग एकेक थर घालून तळहातानें मध्यापासून कडेकडे सारखा करावा.

कच्च्या टाक्याचा आरंभ मध्यापासून करावा. कडेपासून आरंभ केल्यास सैल कापड आंत ढकललें जाऊन मध्यें फुगा येतो, व त्याला बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. उत्तर कन्नडांतील सिद्दी स्त्रिया आपली कवंडी कडेपासूनच शिवतात हें खरें. परंतु त्या एकेक तुकडा ठेवीत व तेव्हांच शिवीत मध्याकडे जातात. आपण सर्व थर आधींच अंथरलेले असतात. म्हणून प्रथम मध्यावर एक उभी व एक आडवी ओळ घालावी. नंतर दोन्ही अंगांनीं वीतभर अंतरानें ओळी घालीत जावें. टाका दोन इंच लांब पुरे. दोरा पांढरा घ्यावा. रंगीत दोरा डाग सोडूं शकतो. ओळीच्या शेवटीं गांठ मारूं नये, दोन बोटें दोरा मोकळा ठेवावा. गोधडीवर गुडघे टेकूं नयेत. चार फुटांची रुंदी दोघीजणी समोरासमोर बसल्या तर सहज हातांत येते. सुईचें टोंक वर आणण्यास चमच्याच्या कडेचा आधार द्यावा, म्हणजे कापड उचलावें लागत नाहीं व बोटेंही वांचतात.

हल्लीं घरोघर पॉलिएस्टरच्या साड्या आहेत. त्या निसरड्या असल्यामुळें ओळी चार बोटांवर घालाव्या. लहान मुलासाठीं मात्र सुतीच कापड बरें, कारण तें घाम शोषून घेतें.

इतकें झाल्यावर गोधडी उलटी करून अस्तर पाहावें. आमच्या घरांत माझी आई ह्यासाठीं गोधडी उजेडांत नेत असे, आणि आम्ही मुलें तिच्या खालीं शिरूं पाहत असूं. चुणी दिसल्यास तेवढीच ओळ कापून काढावी. कापड दुखावत नाहीं. पक्क्या शिवणीनंतर तीच चुणी काढणें म्हणजे त्या भगिनीप्रमाणें लुगडें गमावणें. पक्की शिवणही मध्यापासूनच बाहेर न्यावी, व कच्चे टाके अगदीं शेवटीं काढावे. टाचण्या व सुया आरंभीं मोजून घेऊन तितक्याच परत भरल्यावांचून बाळाच्या अंगावर गोधडी घालूं नये.

त्या भगिनीनें लुगड्याचा धड राहिलेला भाग आतां नातवाच्या दुपट्यासाठीं अंथरला आहे. कच्चे टाके झाले आहेत. एक चुणी सांपडली, ती उसवून पुन्हां घातली. पक्क्या शिवणीला अद्याप हात लागलेला नाहीं.