सापाची पेटी : माल निवडण्यापूर्वी

आपल्या उपनगरांत परदेशी साप पाळण्याची हौस आता आली आहे. हौशी माणसाला मनाजोगती पेटी तयार मिळाली नाही की तो ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील सुताराकडे किंवा जवळच्या काचवाल्याकडे जातो. कारागीर बंधूंनी हे काम साधे कपाट समजून घेऊ नये. कपडा खराब निघाला तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन आमच्या दुकानात परत येते. पेटीतला मुका जीव येत नाही.

पहिला प्रश्न : साप कोणता?
नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप घरात पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत एखाद्या घरात साप निघाला तर पेटीचे माप घ्यायला जाऊ नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला सांगावे. बॉल पायथॉन हा आफ्रिकेतला बिनविषारी साप. तो बाळगणाऱ्याने सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंद करावी, असा २०२४ चा नियम आहे. बयाणा घेण्यापूर्वी नोंदीचा कागद पाहावा. हा साप ३ ते ५ फूट वाढतो. त्याला ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच पेटी धरावी.

काच :
नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ सापांसोबत ७२ तास काढले. लोकांना पाहता यावे म्हणून तेथे काच हवीच होती. घरातल्या सापाला मात्र आडोसा हवा. चारी बाजूंनी उघडे पडले तर तो बिथरतो, खाणे सोडतो. शिवाय ५ मिलिमीटर काचेचा एक चौरस फूट सुमारे १.१६ किलो भरतो. वरचे झाकण सोडून पूर्ण पेटी काचेची केली तर वजन ३७ किलोच्या घरात जाते. म्हणून काच फक्त समोर, सरकत्या दारापुरती ठेवावी आणि दाराला कुलूप लावावे.

लाकूड :
प्लायवुड ऊब धरून ठेवते. पण मुंबईच्या पावसाळ्यात साधे प्लायवुड ओल पिते आणि एमडीएफ फुगते. मरीन प्लाय घ्यावा, कडाही रंगवून बंद कराव्यात. देवदाराचे लाकूड किंवा त्याचा भुसा वापरू नये; त्याचे वासाचे तेल सापाला बाधते.

पीव्हीसी फोम बोर्ड :
हा हलका असतो, पाणी पीत नाही आणि पुसायला सोपा. आमच्या मते दमट उपनगरांत तिन्ही भिंतींसाठी हाच माल सोयीचा.

जाळी :
भिंतीला तारेची जाळी लावू नये. बाहेर पडण्यासाठी साप तोंड घासतो आणि जखमी होतो. हवेसाठी दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरची भोके पाडावीत आणि आतली धार घासून काढावी.

सांधे व रंग :
सिलिकॉनला ओले असताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पेटी उघडी ठेवावी. बुरशीनाशक औषध मिसळलेले सिलिकॉन टाळावे. रंगाचा वासही तसाच जाऊ द्यावा.

कापड :
पेटी धुताना किंवा डॉक्टरकडे नेताना साप पिशवीत ठेवतात. हा आमचा विषय. मांजरपाट किंवा घट्ट विणीचे दुसरे सुती कापड घ्यावे, कारण त्यातून हवा खेळते, नायलॉन नको. दुहेरी शिवण घालावी, तिची कड बाहेर ठेवावी. आत सुटा धागा राहिला तर तो सापाला अडकतो.

माल देण्यापूर्वी :
उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट असलाच पाहिजे. आपल्याकडे थंडीपेक्षा जास्त तापण्याचा धोका मोठा. रिकामी पेटी दिवसभर चालू ठेवून गरम बाजूला ३१ ते ३३ आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश सेल्सिअस राहतात का, हे पाहावे. नाकाला वास येऊ नये, हाताला धार लागू नये, दाराच्या फटीत करंगळीही जाऊ नये. एवढे जमले की मगच बिल फाडावे.