दाढीवाल्या आयरिसची लागवड : 'बेव्हर्ली सिल्स' जात

जमिनीची प्रत पाहून आकारणी ठरते, हें आम्हीं महसुली दप्तरांत आयुष्यभर लिहिलें. पण झाडाची प्रत पाहण्यास मात्र चुकलों. ती चूक वाचकांकडून होऊं नये, म्हणून हा पाठ.

तीन वर्षांपूर्वीं उत्तरेकडील थंड डोंगराळ मुलुखांतील एका रोपवाटिकेंतून आम्हीं या जातीचे सहा गड्डे आणविले. दिसावयास ते आल्यासारखे. म्हणून ज्येष्ठांत हळदीशेजारीं चार बोटें खोल पुरले. श्रावणांत उकरून पाहिलें, तों पांच कुजून दुर्गंधि सुटली होती. सहावा वांचला, परंतु त्याला पानांखेरीज कांहीं आलें नाहीं. पेन्शनींतील पैसा अक्षरशः मातीमोल झाला.

ही जात अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बेन हेगर यांनीं तयार करून १९७९ सालीं प्रसृत केली. नांव तेथील विख्यात गायिकेचें. फूल पोवळ्यासारखें गुलाबी. तीन पाकळ्या उभ्या व तीन खालीं झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीवर नारिंगी केसांचा पट्टा असतो, तीच 'दाढी'. दांडा सुमारें तीन फूट उंच. १९८५ सालीं हिला डाईक्स पदक मिळालें. आयरिसला अमेरिकेंत याहून मोठा मान नाहीं.

कॅलिफोर्नियांत पाऊस हिवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो. वसंतांत फुलून झाल्यावर गड्डा कोरड्या मातींत विसांवा घेतो. आपल्याकडे नेमक्या त्याच काळांत पावसाची झड लागते, आणि जिवाणूंमुळें गड्ड्यांत मऊ कूज शिरते.

थंड प्रदेशांत लागवड अशी करावी :

१. निदान सहा तास ऊन लागेल व पाणी सांचणार नाहीं अशी जागा निवडावी.

२. जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान खड्ड्यांत मधोमध मातीचा उंचवटा करून त्यावर गड्डा ठेवावा, मुळें दोहों बाजूंस पसरावीं व तींच मातीनें झांकावीं. गड्ड्याची पाठ उघडी राहिली पाहिजे.

३. दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर ठेवावें.

४. नत्रयुक्त खत बेतानेंच द्यावें. अधिक दिल्यास पानें माजतात व कूज बळावते.

५. एकदां फुललेला गड्डा पुन्हां फुलत नाहीं. त्याच्या बाजूस फुटलेले नवे कोंब पुढें फुलतात. म्हणून तीन-चार वर्षांनीं बेट उकरून कोंब वेगळे लावावे. बियांपासून मूळ जात जशीच्या तशी येत नाहीं.

६. कूज दिसतांच तो भाग सुरीनें कापून टाकावा व उरलेला गड्डा उन्हांत सुकवावा.

दख्खनच्या सपाटीवर हिला फुलण्यापुरती थंडी मिळत नाहीं. तेथें फुलाच्या आशेनें पैसा गुंतवूं नये. केशर याच कुलांतलें. तेंहि काश्मीरच्या थंडींत पिकतें.

सारांश, गड्डा दिसला कीं पुरावा, हा नियम नव्हे. रोप ज्या मुलुखांतून आलें, तेथील पाऊस आधीं विचारावा, मग कुदळ उचलावी.