गाडी बोलत का नाही?

सुरुवातीलाच कबुली देते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरचं बोलणं आणि हॉस्टेलची भर. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने तपासलंय, ज्या चुका राहिल्या त्या तिच्या! विषय आहे लॅपटॉप गाडीला जोडण्याचा. जोडणं सोपं आहे. जोडलं तरी गाडी उत्तर देत नाही, तेव्हा काय करायचं हे मला आपल्या मेसच्या काकांच्या गाडीने शिकवलं.

काकांची गाडी २०१४ ची, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. भाजी, दूध, तेलाचे डबे, सगळं तिच्यातूनच येतं. एक दिवस चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने टॅबवाला स्कॅनर लावला, स्क्रीनवर आलं 'नो कम्युनिकेशन'. तो म्हणाला, "ईसीयू गेला, बावीस हजार." काकांनी भिशी उचलायचं ठरवलं होतं. चपात्या वाढताना सहज मला म्हणाले, "ताई, तुमच्या त्या लॅपटॉपात काही दिसेल का?" मी छाती पुढे काढून हो म्हटलं. टेकफेस्टसाठी घेतलेला यूएसबी अडॅप्टर माझ्याकडे होता. त्यात ईएलएम ३२७ जातीची चिप असते, ती लॅपटॉपचं सीरियल बोलणं गाडीच्या भाषेत करून देते.

थोडी पार्श्वभूमी. स्टिअरिंगखाली जो १६ पिनांचा सॉकेट असतो तो ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, आपल्याकडे बीएस-४ चारचाकींना एप्रिल २०१३ पासून. रुंद बाजू वर ठेवून समोरून पाहिलं की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खाली ९ ते १६. चार आणि पाच ग्राउंड, सोळा म्हणजे बॅटरीचा थेट प्लस. सहा कॅन-हाय, चौदा कॅन-लो. काही जुन्या गाड्यांत कॅन नसतं, मग सातवी पिन, के-लाइन. एवढं पाठ असलं तरी खूप झालं.

आता माझी फजिती. रविवारी दुपारी गाडीत बसले, अडॅप्टर लावला, सॉफ्टवेअर उघडलं. 'पोर्ट उघडता येत नाही.' ड्रायव्हर पुन्हा टाकला. लॅपटॉप रीस्टार्ट केला. काका बाजूला उभे, हातात लसणाची टोपली. अर्ध्या तासाने कळलं की आदल्या रात्रीपासून अर्डुइनोचा सीरियल मॉनिटर तोच कॉम पोर्ट धरून बसतोय (रीस्टार्टनंतर तो मीच सवयीने पुन्हा उघडत होते!). एका पोर्टला एका वेळी एकच गिऱ्हाईक. हे मला लॅबमध्ये दोनदा सांगितलेलं आहे.

तिथून मी एक गोष्ट ठरवली. रंगीत मीटरवाली सॉफ्टवेअर आधी उघडायचीच नाहीत. ती नुसतं 'कनेक्ट झालं नाही' म्हणतात, आणि लॅपटॉपपासून ईसीयूपर्यंतच्या रस्त्यात कुठे तुटलंय ते लपवतात. त्याऐवजी साधा टर्मिनल घ्या आणि एकेक टप्पा विचारत पुढे जा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा. बॉड रेट बहुतेक ३८४००, काहींचा ९६००. चुकला तर स्क्रीनवर चिन्हांचा कचरा येतो. कचरा आला तर खूश व्हा, म्हणजे पलीकडे कोणीतरी जिवंत आहे. मग टाइप करा 'एटी झेड'. चिप आपलं नाव सांगते.

माझ्या चिपने काहीच सांगितलं नाही. कचराही नाही. कॉम पोर्ट मात्र दिसत होता. इथे मी फसले असते, पण थर्ड इयरच्या एका दादाने विचारलं, "अडॅप्टरला वीज कुठून मिळते?" माझ्या अडॅप्टरमध्ये यूएसबीची चिप लॅपटॉपवर चालते, पण गाडीशी बोलणारी चिप पोर्टच्या सोळा नंबरवर. म्हणजे लॅपटॉपला पोर्ट दिसणं हा काही पुरावाच नव्हे. मल्टीमीटर लावला, चार आणि सोळामध्ये. शून्य. बऱ्याच गाड्यांत ही लाइन आणि सिगारेट लायटरचा सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "तो रस्त्यावरचा चार्जर लावला तेव्हा ठिणगी उडाली होती खरी." निळा फ्यूज, १५ अँपिअर, मधली तार जळलेली. तसाच १५ चा घातला. २० चा घालायचा मोह होतो, घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळेल.

आता 'एटी झेड'ला नाव आलं. 'एटी आरव्ही'ला १२.३ व्होल्ट. मी जोरात ओरडले. पुढे 'एटी एसपी ०', म्हणजे प्रोटोकॉल तूच शोध, आणि मग '०१ ००', म्हणजे ईसीयूला पहिला प्रश्न. किल्ली ऑन हवी, नाहीतर ईसीयू झोपलेला असतो. 'सर्चिंग...' आलं, ठिपके ठिपके, आणि मग 'अनेबल टू कनेक्ट'. काकांचा चेहरा पडला. "म्हणजे गॅरेजवाला बरोबर म्हणत होता."

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. पण गाडी तर आम्ही सावलीत आणायला दहा मिनिटांपूर्वी चालू केली होती. इंजेक्टर कधी उघडायचा, ठिणगी कधी द्यायची हे सगळं ईसीयूच करतो. तो मेला असता तर इंजिन फिरलंच नसतं. मेलेला माणूस बस चालवतो का? म्हणजे ईसीयू जिवंत आहे, आवाज पोचत नाही एवढंच. दिव्याचं कारण वेगळं आणि न बोलण्याचं कारण वेगळं असू शकतं. गॅरेजवाल्याने दोन्ही एकत्र बांधली होती. तो खोटारडा होता असं मी म्हणणार नाही, घाईत होता.

कॅनच्या दोन तारांना दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. समांतर जोडणी, म्हणजे ६०. बॅटरीची मायनस काढून सहा आणि चौदामध्ये मोजलं तर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलं, शून्याजवळ आलं तर शॉर्ट. आमच्याकडे काहीच नाही, ओपन. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर सहा नंबरची पत्ती बाकीच्यांपेक्षा आत सरकलेली! कोणीतरी कधीतरी प्लग तिरका दाबला असणार. मागून वायर हळूच पुढे ढकलली, टक् असा आवाज आला आणि लॉक बसलं. पुन्हा मोजलं, ६०. बॅटरी जोडली, किल्ली ऑन, '०१ ००'. उत्तराची सुरुवात '४१ ००' ने. (प्रश्नात ४० मिळवलं की उत्तर, हीच त्याची पद्धत.)

त्यानंतरचं पाच मिनिटांचं काम. '०३' विचारलं, '४३ ०१ ०१ १३' आलं. एक कोड, पी ०११३, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, सिग्नल फार वर. '०१ ०एफ' विचारलं तर शेवटचा बाइट ००, त्यातून ४० वजा करायचे, म्हणजे उणे ४० अंश. एप्रिलच्या दुपारी! हा सेन्सर थंडीत रेझिस्टन्स वाढवतो, म्हणून वायर सुटली की ईसीयूला वाटतं आपण सैबेरियात आहोत. बॉनेट उघडलं. पंधरा दिवसांपूर्वी एअर फिल्टर बदलला होता, सेन्सरचा कनेक्टर तेव्हापासून लोंबकळत होता. दाबून बसवला. आता शेवटचा बाइट ४सी, म्हणजे ७६ वजा ४०, छत्तीस अंश. कोड वहीत लिहून घेतला, मगच '०४' देऊन पुसला. आधी पुसून टाकलं तर पुढच्या माणसाला काहीच धागा उरत नाही.

दिवा विझला. काका काही बोलले नाहीत, लसणाची टोपली उचलून आत गेले. संध्याकाळी माझ्या ताटात न मागता दुसरा गुलाबजाम आला, आणि भिशी त्यांनी त्या महिन्यात उचलली नाही.

अडॅप्टर माझ्याकडे आहे, कोणाला हवा असेल तर घेऊन जा. मल्टीमीटर मात्र बेसिक लॅबचा आहे, सहीशिवाय नेलात तर सर मला पकडतात.