अठ्ठावीस हात पाठ झाले, आता पुढं काय?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. मोबाईलवर बघून ती भरतनाट्यमच्या हाताच्या मुद्रा शिकली. अठ्ठावीसही नावं क्रमानं म्हणते आणि हात करून दाखवते. आमच्या गावात नाच शिकवणारं कुणी नाही. नुसत्या मुद्रा शिकून नाच येतो का? प्रत्येक मुद्रेचा अर्थ काय, असं ती विचारते आणि मला सांगता येत नाही. शिवाय ती डावखुरी आहे. त्यानं काही अडेल का?
— एक वाचक भगिनी, धाड (जि. बुलढाणा)

उत्तर : ताई, मुलीनं पाठ केलेली यादी नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या संस्कृत ग्रंथातली आहे. एका हातानं करायच्या मुद्रांना असंयुत हस्त म्हणतात, ते या ग्रंथात 28 आहेत. दोन्ही हात जोडून होणारे ते संयुत हस्त, ते 23. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त हेच आकडे 24 आणि 13 असे आहेत. तेव्हा उद्या कुणी वेगळा आकडा सांगितला, तर तो चुकला असं समजू नका, त्याचा ग्रंथ वेगळा असेल.

नावं क्रमानं येतात हे फार चांगलं झालं, कारण त्या क्रमातच शिकवण आहे. तिला सावकाश हात करायला सांगा आणि शेजारी बसून बघा. पताकात चारही बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा दुमडून कडेला टेकवलेला. त्यातली अनामिका वाकवली की त्रिपताक. करंगळीही वाकवली की अर्धपताक. पुढं अरालात पताकाचीच तर्जनी वाकते आणि त्या अरालाची अनामिका वाकवली की शुकतुंड होतो. मग मूठ येते. मुठीचा अंगठा उभा केला की शिखर, त्या अंगठ्यावर तर्जनी वाकवून टेकवली की कपित्थ. एकेक बोट हलवत पुढचा हात तयार होतो. मुलांनी हे नुसतं घोकण्यापेक्षा असं जोडून बघितलं, तर मधलं नाव सहसा गळत नाही.

आता अर्थ. मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे, पण तिला हवं तसं एका ओळीचं उत्तर त्याला नाही. एका हाताला एकच अर्थ नसतो. पताकाचे उपयोग ग्रंथात तीसहून अधिक सांगितले आहेत. नाचाचा आरंभ, ढग, अरण्य, नको म्हणणं, रात्र, नदी, घोडा, चांदणं, कडक ऊन हे सगळं त्याच सपाट तळव्यानं दाखवायचं. या उपयोगांना विनियोग म्हणतात आणि त्यांचेही श्लोक असतात. तळवा आडवा धरून मनगट लाटेसारखं हलवत पुढं नेलं की नदी होते. तोच हात समोर उभा धरला आणि मान किंचित फिरवली की नकार होतो. बोटं तीच राहतात, बदलतं ते मनगट, दिशा, वेग आणि चेहरा.

तुमच्याकडं दुभतं जनावर असेल, तर कपित्थ तिला गोठ्यातच समजेल. गायीची धार काढणं हा कपित्थाचा ग्रंथात सांगितलेला विनियोग आहे. डोळ्यांत काजळ घालणं, फूल धरणं, पदराचं टोक धरणं हेही त्याच हाताचे. धार काढणाऱ्या माणसाचा अंगठा आणि तर्जनी कशी मिटतात, दाब कुठं पडतो, नजर कुठं असते, हे तिनं नीट बघावं. मग रिकाम्या हातानं तीच धार काढून दाखवावी. कासेची उंची हवेत सांभाळता आली, चरवी कुठं ठेवली आहे हे तिच्या नजरेवरून तुम्हाला कळलं, तर त्या हाताला अर्थ आला असं खुशाल म्हणा. ‘अभिनयदर्पणा’त सांगितलं आहे की हात जाईल तिकडं दृष्टी जावी, दृष्टीमागून मन जावं, मनामागून भाव यावा आणि तिथून रस निर्माण व्हावा. माझ्या मते हात शिकण्यातलं खरं अवघड काम हेच आहे. बोटं काही महिन्यांत वळतात, नजर मात्र पुष्कळ वेळ घेते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नुसत्या मुद्रांनी नाच येत नाही. त्या वाया मात्र जात नाहीत. अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं) बसणं, पावलांचा ताल, अडवू (नाचाच्या मूळ हालचाली) हे सारं शरीरानं शिकायचं असतं आणि तिथं चूक बघणारं माणूस समोर लागतं. गुडघे चुकीच्या दिशेनं वळत असतील, तर मोबाईल काही थांबवत नाही. मुद्रांच्या बाबतीतही मोबाईलच्या दोन अडचणी आहेत. काही चित्रफिती आरशासारख्या उलट्या असतात, त्यामुळं उजव्याडाव्याचा घोळ होतो. दुसरी अडचण अशी की शैली बदलली की नावामागचा हातही बदलतो. कथकली ‘हस्तलक्षणदीपिका’ हा ग्रंथ मानते. तिथल्या पताकात अनामिका वाकलेली असते, म्हणजे तुमच्या मुलीचा तो त्रिपताक! तेव्हा एकच शैली धरावी आणि शक्यतो एकाच शिक्षकाच्या चित्रफिती बघाव्यात.

त्रिपताक करताना अनामिकेबरोबर करंगळीही खाली येत असेल, तर तिला रागावू नका. या दोन बोटांचे स्नायुबंध एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून अनामिका एकटी सहज हलत नाही. दुसऱ्या हातानं करंगळीला आधार द्यावा, रोज थोडा वेळ करावं आणि दुखायला लागलं की थांबावं. ओढूनताणून, बोटं मोडून काही साधत नाही.

तुम्ही धाडहून विचारलंत याचा मला विशेष आनंद झाला, कारण हा विषय तुमच्यापासून दूरचा नाहीच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. तो दरबारात हिशेबाच्या खात्याचा प्रमुख होता आणि त्याच माणसानं संगीतावरचा हा केवढा ग्रंथ सिद्ध केला! त्याच्या सात अध्यायांपैकी शेवटचा नृत्यावर आहे आणि त्यात हातांचं सविस्तर वर्णन आहे. त्याहून पुष्कळ जुने हात अजिंठ्याला भिंतींवर आहेत. सोमवार सोडून कधीही मुलीला घेऊन जा, सोमवारी लेणी बंद असतात. पहिल्या लेण्यात पद्मपाणीनं कमळ कसं धरलं आहे ते तिला बघू द्या. त्याच लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात वादकांमध्ये नाचणारी नर्तकी आहे. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात नर्तकी आणि तिच्या साथीच्या स्त्रिया दगडात कोरल्या आहेत. एक सांगून ठेवतो. बुद्धमूर्तीच्या अभय, वरद, धर्मचक्र या मुद्रांचं काम वेगळं आहे. तिथं हात स्थिर असतो आणि अर्थही ठरलेला असतो. नाचातला हात मात्र एका ओळीच्या गाण्यात चार अर्थ बदलतो.

भरतनाट्यम हे आपल्या भाषेतलं नाही, अशी मुलीची समजूत होऊ देऊ नका. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) नृत्यासाठी मराठी रचना केल्या. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आकार दिला. सरफोजींच्या त्या रचना मुंबईचे नृत्यगुरू पार्वतीकुमार यांनी शोधून अभ्यासल्या आणि पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात हे काम पुढं नेलं. मराठी शब्दांवर हात कसे चालतात, हे मुलीला त्यांच्या नृत्यात दिसेल.

शिक्षकाचं म्हणाल, तर आधी बुलढाण्यात चौकशी करा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या भरतनाट्यमच्या आणि कथकच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत असतात. जवळचं परीक्षा केंद्र कुठं आहे हे विचारलं, की शिकवणारी माणसंही कळतात. छत्रपती संभाजीनगरला एमजीएमच्या परिसरात ‘महागामी’ गुरुकुल आहे, पण तिथं कथक आणि ओडिसी शिकवतात. मुलीला भरतनाट्यमच हवं असेल, तर तसं स्पष्ट विचारून घ्या. रोज जाणं जमणार नाही, हे मलाही दिसतं. सुट्टीतलं एखादं शिबिर आणि मधल्या काळात घरचा सराव, अशी सुरुवात करता येईल. मात्र अडवू पहिल्यांदा समोरासमोर शिकावेत, एवढा आग्रह धराच.

डावखुरेपणानं काही अडत नाही. असंयुत हस्त दोन्ही हातांनी शिकायचे असतात आणि अडवूही आधी उजव्या, मग डाव्या बाजूनं करतात. सुरुवात मात्र उजव्या बाजूनं होते, तेव्हा तिला पहिले काही दिवस जड जाईल. घरी सराव करताना यादी एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या हातानं आणि मग दोन्ही हातांनी मिळून म्हणायला सांगा.