वार्धक्यातील स्मृतिभ्रंश : निदान, प्रतिबंध व चिकित्सा

धी, धृति व स्मृति यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो, असे चरकाचार्य सांगतात. व्यवहारात मात्र 'म्हातारपणी असे व्हायचेच' असे म्हणून नातेवाईक रुग्णास उशिरा आणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना हा व्याधी आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे.

निदान : विस्मरण दिसताच मेध्य रसायन सुरू करणे योग्य नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, थायरॉईडची मंदता, विषाद, डोक्यास मार लागून साचलेले रक्त ही कारणे प्रथम शोधावीत. यांवर वेळीच उपचार झाल्यास बुद्धी बरीच सुधारू शकते. झोपेच्या व सर्दीच्या काही गोळ्यांनीही वृद्धांची स्मृती मंदावते. औषधी दुकानदार बंधूंनी त्या चिठ्ठीविना देऊ नयेत.

प्रतिबंध : 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, दृष्टिदोष, वाईट कोलेस्टेरॉल व एकाकीपण आहेत. ती सर्व दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा व्याधी लांबेल. म्हणून प्रतिबंध चाळिशीतच आरंभावा.

चिकित्सा : लेकॅनेमॅब (२०२३) व डोनानेमॅब (२०२४) या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ती केवळ आरंभीच्या अल्झायमरमध्ये ऱ्हासाचा वेग कमी करतात. मेंदूस सूज व रक्तस्राव यांचा धोका असतो. गेलेली स्मृती त्यांनी परत येत नाही.

मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आहेत. परंतु त्यांनी हा व्याधी बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. वरवट बकालसह आपला संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यात मोडतो व येथे मूत्रपिंडाचे विकार पुष्कळ आढळतात. म्हणून रक्तदाब मोजल्याविना यष्टीमधु आणि क्रिएटिनिन पाहिल्याविना रसौषधी देऊ नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.

रुग्णाची दिनचर्या ठरलेली असावी, त्यास नावाने हाक मारावी व वाद टाळावा, हे नातेवाइकांस समजावणे हादेखील चिकित्सेचाच भाग होय. सेवा करणारी सून वा लेक थकते. तिची विचारपूस वैद्याने अवश्य करावी. इत्यलम्.