पट्टी कापण्याआधी ट्रॅक तपासा

ट्रॅकवर चालणाऱ्या सॉवर हात हलत नाही. ते यंत्र विकत घ्यायचं कारणच ते आहे. ॲल्युमिनियमच्या ट्रॅकवर लांबच लांब उंचवटा असतो, यंत्राच्या बुडाला त्या मापाची खाच असते, ती त्यावर बसली की पातं सरळच जातं. नवशिक्यानं ढकललं तरी. हे मला ज्या विक्रेत्यानं दुकानात उभं राहून समजावलं, त्यानंच पुढे फोनवर ऐकवलं, "मॅडम, तुमच्या मिस्त्रींचा हात हलला असेल."

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. दुकानाचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. यंत्रात खोट नव्हतीच. खोट ट्रॅकच्या जोडात होती, आणि तो जोड कसा करायचा हे दुकानानंच शिकवलं होतं.

आपल्याकडे प्लायची शीट आठ बाय चार, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. यंत्राबरोबर जो ट्रॅक येतो तो बहुतेक कंपन्यांचा 1400 मिलिमीटरच्या आसपास. चार फुटांचा काप त्यावर आरामात होतो. आठ फुटांचा होत नाही. वॉर्डरोबच्या शटरला, साइड पॅनलला लागतो तो आठ फुटांचाच. खोक्यावर चित्र असतं अख्ख्या शीटवर यंत्र फिरवणाऱ्या हसऱ्या माणसाचं. त्याच्याखाली अंथरलेला लांब ट्रॅक वेगळा विकत घ्यावा लागतो, हे कुणी सांगत नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "आणखी एक चौदाशेचा घ्या, जोडपट्ट्या घ्या, झाला अडीच मीटरच्या वर." हिशेब बरोबर होता. तीन मीटरचा अखंड ट्रॅक आमच्या टेम्पोत मावत नाही आणि लिफ्टमध्ये तर नाहीच, त्यामुळे मलाही ते पटलं.

मग प्रात्यक्षिक झालं. दोन ट्रॅकच्या पोटातल्या खाचांत पोलादी जोडपट्ट्या सरकवल्या, टोकाला टोक भिडवलं, तळव्यानं दोन थापा मारल्या आणि ॲलन की हातभर जोर लावून आवळली. "फट राहता कामा नये. फट राहिली की गाडी अडखळणार." हे सगळं मला नाही, मामांना सांगत होता. मामा म्हणजे आमचे मिस्त्री. पैसे मी देत होते, प्रश्न मी विचारत होते, आणि उत्तरं मामांकडे बघून येत होती. नंतर एमडीएफच्या दोन फुटी तुकड्यावर एक काप मारून दाखवला. लोण्यासारखा. दोन फुटांत जोड येतच नाही, हे लक्षात ठेवा.

काम पुण्यात, बाणेरच्या एका फ्लॅटमधलं होतं. सागाचा व्हिनियर, एकाच लॉटच्या ओळीनं काढलेल्या शीट, म्हणजे एका शटरवरची रेषा पुढच्या शटरवर चालू राहते. अशा शीटमधलं एक जरी शटर बिघडलं तरी बाजारातून दुसरं आणून बसवता येत नाही; रेषा जुळत नाही. कप्पे, फळ्या, ड्रॉवर, जे जे चार फुटांच्या आत होतं ते झकास बसलं. शटर लावली आणि मामा बिजागरीच्या स्क्रूशी खेळत बसले. एक स्क्रू आत, एक बाहेर, पुन्हा दार मिटून बघ. दोन शटरच्या मधे एक सूत फट ठेवायची होती. वर एक सूत होती, खालीही होती. मधे काहीतरी खटकत होतं.

मामांनी खिशातून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढलं, वरच्या टोकाला फटीत धरलं आणि खाली सरकवत आणलं. खांद्यापर्यंत सुळकन आलं. हँडलच्या जरा वर येऊन अडकलं. खालून वर नेलं, तर तिथंच येऊन पुन्हा अडकलं. मामा काही बोलले नाहीत. कार्ड तिथंच फटीत राहू दिलं आणि माझ्याकडे बघितलं. शटर वाकलेलं नव्हतं, बिजागरीचा दोष नव्हता. दोन्ही शटरच्या कडांना पोट आलं होतं, प्रत्येकी अर्धा सूत. अर्धा इकडून, अर्धा तिकडून, फट खलास. आणि पोट होतं बरोबर तिथं, जिथं शीटवर ट्रॅकचा जोड आला होता.

वर्कशॉपवर येऊन आम्ही जोडलेला ट्रॅक एका एमडीएफच्या शीटवर ठेवला, दोन टोकांना दोन खुणा केल्या आणि कडेनं धारदार पेन्सिलीनं रेघ मारली. मग ट्रॅक तिथल्या तिथं अर्धा फिरवून रेघेच्या पलीकडच्या बाजूला घेतला, तीच कड त्याच दोन खुणांना लावली आणि पुन्हा रेघ मारली. ट्रॅक सरळ असता तर एकच रेघ दिसली असती. आमच्याकडे मधोमध दोन रेघांत मोकळी जागा होती, एक सुताची. या चाचणीत चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक अर्धा सूत. कार्ड जिथं अडकलं होतं तोच हिशेब. जोड सोडून एकेक ट्रॅक तसाच तपासला, तर दोन्ही सुटे ट्रॅक सरळ निघाले.

कारण साधं होतं. ट्रॅकची टोकं कारखान्यात कापलेली असतात, काटकोनात असतीलच असं नाही. ट्रॅक साधारण 18-19 सेंटिमीटर रुंद. त्या रुंदीत दोन टोकांची मिळून अर्धा मिलिमीटर तिरकी असली आणि तुम्ही ती एकमेकांना थापा मारून भिडवलीत, तर जोडाला कोन येतो, आणि आठ फुटांत मधोमध अर्धा सुताचं पोट तयार. फट राहू न देण्याचा जो सल्ला मिळाला, त्यानंच काम बिघडलं. खरं म्हणजे फट ठेवायचीच असते, कार्डाच्या जाडीएवढी. यंत्राचं बूड लांब असतं, ते त्या फटीवर अडखळत नाही. सरळपणा टोकांवरून धरायचा नाही, बाहेरच्या लांब सरळ पट्टीवरून धरायचा: ॲल्युमिनियमचा बॉक्स सेक्शन किंवा सहा फुटी लेव्हल दोन्ही ट्रॅकच्या कडेला टेकवायची, आणि मग स्क्रू आवळायचे. तेही बोटभर जोरानं. जास्त आवळले तर ॲल्युमिनियम फुगतं आणि यंत्र तिथं घासायला लागतं. ती लांब पट्टी तरी सरळ आहे का, तेही याच दोन रेघांनी आधी बघून घ्या.

मी फोन केला. पहिलं उत्तर वर लिहिलंच आहे. मी दोन रेघांचा फोटो पाठवला. त्यावर, "मॅडम, जरा मिस्त्रींना फोन द्या ना." मामांनी तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं. मग सूर बदलला: ट्रॅक वाहतुकीत वाकला असेल, तुम्ही उन्हात ठेवला असेल, प्लायच वाकडा असेल. मी म्हटलं, दोन्ही ट्रॅक परत घ्या आणि त्याऐवजी अखंड लांब ट्रॅक द्या, वरचे पैसे देते. तेव्हा खरी मेख समजली. "पट्टी कापलीये ना तुम्ही. कापलेल्या पट्टीचा माल परत होत नाही."

ही पट्टी म्हणजे ट्रॅकच्या कडेला चिकटवलेली रबराची पट्टी. ती जरा बाहेर आलेली असते, आणि पहिल्याच वापरात यंत्र तिला आपल्या पात्याच्या मापानं छाटतं. तिथून पुढे तीच कापाची खूण. पट्टीची कड रेघेवर ठेवली की पातं तिथंच उतरणार. व्हिनियरची कपची उडू नये म्हणूनही तीच दाबून धरते. म्हणजे ती छाटल्याशिवाय यंत्र वापरता येत नाही, वापरल्याशिवाय दोष सहसा कळत नाही, आणि छाटली की माल परत नाही. वर दुकानातून एक जोडपट्टी फुकट पाठवली, बरोबर "कस्टमर सॅटिस्फॅक्शनसाठी" अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी मी वर्कशॉपच्या भिंतीवर लावली आहे.

तेव्हा दोन रेघांची चाचणी पट्टी कापण्याआधी करा, आणि शक्यतो दुकानातच. तिथल्या एमडीएफच्या लांब शीटवर एकेक ट्रॅक तपासा. जोडूनही तपासा, त्या वेळी पट्टीची मऊ कड नाही, ॲल्युमिनियमची मागची कड धरा.

दुसरं, ट्रॅक सगळ्यांचे एकमेकांना चालत नाहीत. मकिटा आणि फेस्टूल यांची यंत्रं एकमेकांच्या ट्रॅकवर चालतात. बॉशचा ट्रॅक माफेलच्या ट्रॅकशी जुळतो. डीवॉल्टचा तिसराच, दोन्ही कडांना पट्टी असलेला. "सगळं चालतं हो" असं कुणी म्हणालं तर यंत्र त्या ट्रॅकवर ठेवून डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड वाजलं तर बुडाच्या ॲडजस्टमेंटनं ती निघते का ते तिथंच करून दाखवायला सांगा.

ब्लेडचं विचारून ठेवा. या यंत्रांना बहुधा 160 किंवा 165 मिलिमीटरचं, 20 मिलिमीटर भोकाचं ब्लेड लागतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतं ते चार इंची किंवा सात इंची. व्हिनियर, मायका यांना 48 दाती, भरीव लाकूड उभं चिरायला 24-28 दाती. दोन्ही यंत्राबरोबरच घेऊन ठेवा, नाहीतर काम अडेल त्या दिवशी मुंबईची नागदेवी स्ट्रीट गाठावी लागते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून वायरवालं यंत्र मागवू नका. तिथली 120 व्होल्टची असतात. 1300-1400 वॉटच्या यंत्राला ट्रान्सफॉर्मर लावून साइटवर वाहून नेणार आहात का?

वापरताना चांगली बाजू वर ठेवा. साध्या हातातल्या सर्क्युलर सॉच्या बरोबर उलटं. हवा असलेला तुकडा ट्रॅकखाली, टाकाऊ बाहेर, कारण पट्टी फक्त ट्रॅकखालच्या बाजूला दाबते. पातं दोन-सव्वादोन मिलिमीटर खातं, ते मापात धरा. खोली ठरवताना यंत्रावरची मापं ट्रॅकची जाडी धरून आहेत की सोडून, ते एका फालतू तुकड्यावर बघून घ्या. 19 मिलिमीटरच्या प्लायला पातं खालून दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलं की पुरे. खाली थर्माकोलची जाड शीट पसरा, कापलेला तुकडा खाली पडत नाही आणि शेवटच्या इंचात कपची उडत नाही. नाजूक व्हिनियरवर मामा आधी दोन मिलिमीटर खोल एक हलका काप घेतात, मग पूर्ण.

ट्रॅकच्या पोटाला फोमच्या पट्ट्या असतात, त्यामुळे क्लॅम्प लागत नाही असं सांगतात. स्वच्छ शोरूममध्ये लागत नसेल. साइटवर शीटवर भुसा असतोच, आणि भुशावर तो फोम घसरतो. शीट पुसा, ट्रॅक उलटा करून पुसा, आणि खालच्या खाचेतून दोन क्लॅम्प लावा. शीटच्या मधोमध पातं उतरवत असाल तर यंत्र मागे झटका देऊ शकतं. ट्रॅकवर यंत्राच्या मागे अडसर लावा आणि पात्याच्या रेषेत उभे राहू नका.

बाकी तुम्हाला माहीत असलेलंच: चष्मा, कानाला मफ, ओढणी नाही, ब्लेड बदलताना प्लग काढलेला. व्हॅक्यूम मात्र लावाच, तो चैनीत मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

इतकं होऊनही ट्रॅक सॉ वाईट म्हणवत नाही. टेबल सॉवर आठ फुटी शीट ढकलायला पुढे-मागे मिळून सोळा-सतरा फूट जागा लागते, ती पुण्यात कुणाकडे आहे? आणि मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून, गार्ड काढून प्लाय फाडणं कुठल्याही साइटवर बघायला मिळतं. त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. फक्त, महिन्याला दोन-चार शीटच कापायच्या असतील तर घेऊ नका. प्लायच्या दुकानात पॅनल सॉवर कापून मिळतात, मापं नीट लिहून द्या.

आणि घेणारच असाल तर पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि "ट्रॅक सरळ नसल्यास, पट्टी कापली असली तरी, बदलून मिळेल" हे एक वाक्य दुकानाच्या शिक्क्यासह मागा. लिहून देत नसतील तर पुढचं दुकान बघा. घेऊन फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथं तक्रार नोंदवा.