वेंगुर्ल्याची वलंदेज वखार : सत्ता नेमकी कोणाची?

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'सत्तांतर झाले' हे दोन शब्द आपण एका दमात वाचतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. मी कळंबचा. आमच्या भागातला कोथळीगड १६८४ मध्ये मोगलांनी घेतला. पुढे तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. गड जागचा हलला नाही, पायथ्याची शेतेही हलली नाहीत. मग बदलले ते नेमके काय? हा प्रश्न मनात ठेवून मी कोकणातल्या एका जुन्या वास्तूचा इतिहास वाचू लागलो. ती वास्तू म्हणजे वेंगुर्ल्याची डच वखार. आपले पूर्वज डचांना 'वलंदेज' म्हणत, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

वलंदेजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. १६१९ पासून जावा बेटावरील बटाव्हिया हे तिचे पूर्वेकडील मुख्य ठाणे होते. तिचे मोठे वैर पोर्तुगीजांशी होते आणि पोर्तुगीजांची राजधानी होती गोवा. गोव्याची नाकेबंदी करायची तर पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत गलबते समुद्रात उभी ठेवावी लागत. त्यांना गोडे पाणी, तांदूळ, मांस आणि सरपण पुरवणारे जवळचे बंदर हवे होते. गोव्याच्या उत्तरेस असलेले वेंगुर्ले त्या कामी सोयीचे होते. त्या वेळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. पोर्तुगीजांच्या परवान्यावाचून समुद्रात जहाज हाकारता येऊ नये, हे आदिलशहालाही जाचक वाटत होतेच. अशा रीतीने दोघांचा शत्रू एक ठरला. १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट हा वलंदेजांचा वकील विजापूरला गेला आणि त्याच वर्षी वेंगुर्ल्यात वखार उभी राहिली.

येथे सत्तेचा विचार बारकाईने केला पाहिजे. जमीन आदिलशहाची होती. प्रत्यक्ष वसूल आणि बंदोबस्त कुडाळच्या देसायांच्या हाती होता. वखारीच्या भिंतींच्या आत मात्र वलंदेजांचा हुकूम चाले. एकाच गावावर तीन सत्ता एकीवर एक बसल्या होत्या. सार्वभौमत्व म्हणजे नकाशावरची एक ठळक रेघ, ही आपली आजची समजूत आहे. सतराव्या शतकात ते थरांचे होते.

१६६३ च्या जानेवारीत वलंदेजांनी पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकले. पोर्तुगालशी तहही झाला. गोव्याची नाकेबंदी थांबली आणि वेंगुर्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले. नेमक्या याच सुमारास शिवाजी महाराजांची सत्ता दक्षिण कोकणात उतरली. वेंगुर्ल्यात महाराजांची ठाणी बसली. १६६४ मध्ये तेथे बंड झाले व गाव जाळले गेले. १६७५ मध्ये मोगलांनी ते पुन्हा जाळले. या धामधुमीत वखारवाले पत्रे लिहीत राहिले. ती पत्रे बटाव्हियाला जात, तेथून हॉलंडला. वखार व्यापारासाठी तशी फार मोठी नव्हती, पण त्या पत्रांमुळे शिवकालाच्या अभ्यासकांना एक मोलाचे साधन मिळाले.

आपल्या राज्यात आपला कायदा चालेल, ही महाराजांची भूमिका १६७७ च्या कर्नाटक स्वारीत स्पष्ट दिसते. पूर्व किनाऱ्यावरील वलंदेजांना दिलेल्या कौलात त्यांनी व्यापाराची मुभा दिली, पण माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करण्यास मनाई केली. माझ्या मते सार्वभौमत्वाचा खरा अर्थ येथे कळतो. जकात कोण घेतो एवढ्यावर तो संपत नाही. दुबळ्या माणसाच्या संरक्षणासाठी 'हे चालणार नाही' असे बलाढ्य व्यापाऱ्याला कोण बजावू शकतो, त्याच्याकडे खरी सत्ता असते. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी सावध केले. हे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, असा त्यांचा आशय आहे.

वेंगुर्ल्यातील वलंदेजांचा जम सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोडला. तेथे सावंतांचा अंमल राहिला. १७७२ मध्ये इंग्रजांनी वखार घातली आणि १८१२ मध्ये सावंतवाडीकडून हे बंदर त्यांच्याकडे गेले. कोचीनची कथा याहून बोलकी आहे. फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, तेथील राजपुत्र इंग्लंडला पळाला आणि वसाहती इंग्रजांच्या हवाली करा, असे त्याने तेथून लिहिले. कोचीनच्या वलंदेजांनी ते मानले नाही, तेव्हा १७९५ मध्ये इंग्रजांनी ते लढून घेतले. १८१४ च्या लंडनच्या तहात कोचीनवरील हक्क वलंदेजांनी कायमचा सोडला आणि त्याच्या बदल्यात त्यांना सुमात्राजवळचे बांका बेट मिळाले. एका शहराच्या मोबदल्यात एक बेट! मुंबईची गोष्टही अशीच. ती १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली.

या सर्व व्यवहारांत एक पक्ष कोठेच दिसत नाही. तो म्हणजे तेथे राहणारी माणसे. वेंगुर्ल्याच्या कोळ्याला, कोचीनच्या हमालाला वा मुंबईच्या आगऱ्याला कोणी विचारले नाही. जळाली ती त्यांची घरे, आणि तहांवर शिक्के उठले ते मात्र दूरच्या दरबारांत.

वेंगुर्ल्याची वखार आज पडक्या अवस्थेत उभी आहे. तिच्या आणि आमच्या कोथळीगडाच्या दगडांकडे पाहताना मला एकच गोष्ट वाटते. जमीन कोणाची, हा प्रश्न राजांनी आपसांत मिटवला, तोवर ती फक्त हस्तांतरित होत होती. ज्या दिवशी तो प्रश्न जमिनीवर राबणाऱ्याला विचारला गेला, त्या दिवशी सत्तांतर या शब्दाला अर्थ आला. तो अर्थ टिकवणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे.